यंदा बडलिया फुलणार नाही

दातांच्या कारागिरीत पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा मानतात.

*

जांभळ्या बडलियाच्या प्रत्येक फुलाच्या मधोमध एक नारिंगी ठिपका असतो. मुंगीच्या डोक्याएवढा.

*

"नीलमबेन, तुमचा झाड माझ्या एसीवर रडते."

*

जाड कोट घातलेला माणूस. बोलताना तोंडातून वाफ. हातात लांब दांड्याची कात्री. मागे गवतावर पांढरं काहीतरी, बर्फ असावा. तो म्हणतो, घाबरू नका.

*

बेस्टच्या कंडक्टरला कशालाही न धरता उभं राहता येतं. घरातसुद्धा. स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला न टेकता, पाय जरा फाकवून, चहाचा कप भरलेला.

*

फुलपाखरू बडलियावर येतं, मध पितं आणि जातं. अंडी घालायला त्याला दुसरं झाड लागतं.

*

उंदराच्या शेपटीसारखं. राखाडी, बोटभर. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक.

*

"फुललं की सांग. मी येते."

*

नीलम सोनावणे मरोळच्या एका डेंटल लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून तोंडाचे साचे येतात, त्यांत बसणाऱ्या कॅप आणि कवळ्या ती बनवते. तिचं खरं काम रंग जुळवण्याचं. शेजारचा दात किती पिवळट, किती राखी, टोकाशी किती पारदर्शक, ते बघून पोर्सिलेनचे थर चढवायचे. तिने केलेली कॅप तोंडात ओळखू येत नाही. ज्यांच्या तोंडात ती बसते ती माणसं नीलमने कधी पाहिलेली नाहीत.

घर बोरिवली पूर्वेला, कुळुपवाडीत, सर्वांत वरच्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि खोलीहून मोठी गच्ची. या घरात एकोणीस वर्षं दोघी राहिल्या, नीलम आणि संघमित्रा. संघमित्रा बेस्टमध्ये कंडक्टर. मागाठाणे डेपो जवळ पडतो म्हणून तीन महिन्यांसाठी आली होती. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, तुम्ही दोघी मावसबहिणी का? संघमित्रा म्हणायची, "हो, मावशी सापडली की कळवते."

गेल्या वर्षी संघमित्राने लग्न केलं. छप्पन्नाव्या वर्षी. सुबोध वानखेडे, विधुर, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त, चाळीसगावला स्वतःचं घर. सगळ्यांना तिने फोनवर एकाच वाक्यात सांगितलं: बेस्टचं एसटीशी जमलं, रेल्वे बसली बोंबलत.

मे महिन्यात नोकरी सोडून ती गेली. जायच्या आदल्या दिवशी गच्चीत उभी राहून सिमेंटच्या मोठ्या कुंडीतल्या झाडाकडे तिने बोट दाखवलं.

"हे मी नेणार."

"मे महिन्यात? चाळीसगाव येईपर्यंत काड्या उरतील," नीलम म्हणाली.

"मग कधी नेऊ?"

"थंडीत ने."

"मग फुललं की सांग. मी येते. दोन दिवस राहते आणि घेऊन जाते. ह्यांचं अंगण केवढंय माहितीये? बस वळेल."

नीलमने त्या बोलण्यातले दोन दिवस ठेवून घेतले. बाकीचं तिने ऐकलं नाही असं नाही. पण ठेवलं नाही.

*

झाडाबद्दल.

उंची नीलमच्या डोक्याच्या वर. पानं लांब, भाल्याच्या पात्यासारखी, खालच्या बाजूने पांढुरकी. लॅबमधून आल्यावर हाताला प्लास्टर लागलेलं असतं तसं दिसतं. दर जानेवारीत फांद्यांच्या टोकांना पांढरे तुरे येतात, स्वतःच्या वजनाने खाली वाकलेले. एकदा नीलमने छटांची पट्टी घरी आणून तुऱ्याला लावून पाहिली होती. जुळली ती बी-वन. माणसाच्या तोंडात सहसा न सापडणारा पांढरा.

"दात काढ त्याचे आता," संघमित्रा म्हणाली होती.

तुरे आले की संघमित्रा खुर्ची कुंडीला चिकटवून बसायची. दिवसभर बसमध्ये माणसांचा वास घेतलाय, म्हणायची, आता हा घेऊ दे. तीन आठवडे ती जेवायलाही गच्चीतच बसे आणि नीलम ताटं आत-बाहेर करे.

*

डिसेंबरात झाड लांबच लांब झालं होतं. खालून बोडकं, वर चार पानं. नीलमला ते बघवेना. दोन दिवसांसाठी संघमित्रा येणार, तर सगळं झाड पांढरं हवं. एखाददुसरा तुरा नव्हे, भरगच्च.

तिने फोनवर बडलियाचं इंग्रजी नाव, 'बटरफ्लाय बुश', शोधलं. पहिलाच व्हिडिओ त्या कोटवाल्याचा निघाला. भाषा इंग्रजी, पण हात सगळं सांगत होते. माणसाएवढं झाड त्याने गुडघ्यापर्यंत आणलं. मग पडद्यावर तेच झाड उन्हाळ्यातलं, जांभळं, इतकं फुललेलं की पान दिसेना. जेवढं कापाल तेवढं फुलेल, तो म्हणाला.

रविवारी सकाळी नीलमने कात्री घेतली. अर्धवट काम तिला येत नाही. फांदी, फांदी, फांदी. प्रत्येक काप तिरका आणि कोंब फुटतो त्या डोळ्याच्या जरा वर, व्हिडिओत होता तसा. कापलेल्या प्रत्येक फांदीच्या टोकाला एक राखाडी शेपटी होती. वाळलेलं बी असेल, तिला वाटलं. किंवा कीड. केर भरून पिशवी खाली दिली तेव्हा कचऱ्याची गाडी गेटाशीच होती.

मग तिने गच्चीतल्या बागांवाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. पाच ठेंगणे खुंट. खाली लिहिलं: छाटणी झाली. आता फुलांची वाट.

*

व्हॉइस नोट. पाठवणारे मधुकर ओगले, मुलुंड, निवृत्त, वनस्पतिशास्त्र शिकवायचे.

"नमस्कार. फोटो पाहिला. एक विचारतो, रागावू नका. फुलं कुठल्या रंगाची येतात?"

नीलमने टाइप केलं: पांढरी.

"आणि येतात कधी?"

जानेवारीत.

यानंतरची नोट चार मिनिटांची होती. मागे मिक्सरचा आवाज.

"अरे अरे अरे. बाई, तुम्ही व्हिडिओ बघितलात ना? त्यात जांभळं असणार. ती बडलिया डेव्हिडाय. चीनची, आता इंग्लंडात रुळांच्या कडेला, पडक्या भिंतीत, कुठेही उगवते. तिचा स्वभाव वेगळा. थंडीत झोपायचं, नंतर नवी फांदी काढायची आणि त्या नव्या फांदीवर फुलायचं. म्हणून ते लोक तिला निर्दयपणे कापतात. तिला चालतं. तुमची आशियाटिका. ही आपल्याकडची, हिमालयाच्या उतारावरून पार मलायापर्यंत. ही पावसाळ्यात फांदी वाढवते आणि थंडीत त्याच फांदीच्या टोकाला फुलते. जुनी फांदी म्हणजेच फूल. कळलं का? आडनाव एक, पण दोघींना एका कात्रीने कापायचं नसतं. टोकांना शेपट्यांसारखं काही होतं का हो? राखाडी?"

नीलमने लिहिलं: हो.

"ते तुरे होते."

*

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संघमित्राचा फोन.

"काय गं नीलू, तुरे आले का?"

नीलम गच्चीच्या दारात होती. खुंटांच्या बुडाशी बारीक हिरवे कोंब दिसत होते. पानांचे. फक्त पानांचे.

"येतायत," ती म्हणाली.

"झकास! मग रजा टाकून ठेव. मला भरवायचंय तुला. पुरणाचे मांडे शिकलेय इथे. पहिला फाटला, दुसरा फाटला, तिसरा ह्यांनी खाल्ला, बोलले नाहीत काही. गुणी माणूस आहे गं."

"हो ना."

"आणि तुझं काय? जेवतेस का?"

"जेवते."

"काय?"

"अन्न."

"हट्," संघमित्रा हसली आणि तिकडे कुणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.

त्या आठवड्यात नीलमने दहिसरपासून गोरेगावपर्यंत नर्सऱ्या पालथ्या घातल्या. पांढरा बडलिया? कुणी मोगरा दाखवला, कुणी चांदणी. एकाने तर प्लास्टिकचा तुरा दाखवला. धुता येतो, म्हणाला. शेवटी तिने ओगले सरांना विचारलं, तुमच्याकडे आशियाटिका आहे का, फुललेली? उत्तरात नुसता पत्ता आला. खाली: रविवारी या. चहा चांगला करतो.

*

मुलुंड पश्चिम. बसने पोचायला दीड तास लागला. दुसरा मजला. दार उघडणारा माणूस तिच्या कल्पनेपेक्षा बुटका निघाला; आवाज उंच माणसाचा होता.

बाल्कनीत सात कुंड्या. प्रत्येकीत पांढरी पट्टी, पट्टीवर शाईने लॅटिन नाव, आणि सहा पट्ट्यांशेजारी एकेक वाळकी काडी.

"ही ग्लोबोसा," सर म्हणाले. "चिलीची. नारिंगी गोळे येतात, बुंदीच्या लाडवासारखे. म्हणजे यायचे असतात. ही आल्टर्निफोलिया. बाकी बहुतेक बडलियांची पानं जोडीने, समोरासमोर. हिची एकाआड एक. फांद्या कारंज्यासारख्या खाली येतात. ही क्रिस्पा, पानांवर लोकर. ही लिंडलियाना, हिचं फूल नळीसारखं आणि वाकडं, वास अजिबात नाही."

"सर, हे सगळं मेलेलं आहे."

"हो. मुंबईत थंडी कुठंय?"

"मग ठेवलंय कशाला?"

सरांनी काडीवरची धूळ बोटाने पुसली. "शकु पण हेच म्हणते. आमच्याकडे कामाला येते ना, ती. म्हणते, कुंड्या द्या, मिरची लावते. तिला म्हटलं, पट्टी काढलीस तर बघ."

सातवी कुंडी मात्र जिवंत होती. नुसती जिवंत नाही, माजलेली. ग्रिल पकडून वर गेली होती, तिथून शेजारच्यांच्या पाइपवर. पिवळ्या-केशरी फुलांचे घोस लटकत होते.

"मादागास्कारेन्सिस. हिला काही लागत नाही. कापा, विसरा, टाकून बोला, वाढतेच. ही न्या. कलम देतो."

"पांढरं हवंय."

"पांढरं माझ्याकडे नाही."

"मग फोनवर का नाही सांगितलंत?"

सर स्वयंपाकघरात गेले. भांडं वाजलं. तिथूनच म्हणाले, "साखर किती?"

चहा खरंच चांगला होता. बाल्कनीत एक तांबूस फुलपाखरू आलं. सर कप हातात धरून थांबले, ते जाईपर्यंत.

"वर्गात मी सांगायचो, बडलिया म्हणजे हॉटेल. खाऊन-पिऊन निघायचं. संसार दुसरीकडे." ते स्वतःच हसले. "पोरं हसायची. तुम्ही हसत नाही."

"माझी मैत्रीण येणार आहे. फुललं की येणार, असं ठरलंय," नीलम म्हणाली. "दोन दिवस राहणार आणि झाड घेऊन चाळीसगावला जाणार. मी तिला सांगून बसलेय, तुरे येतायत."

"ओ."

"हो."

"फूल यंदा विसरा. पण न्यायचं असेल तर हाच महिना, हे लक्षात ठेवा. छाटलेलं झाड हलवायला उत्तम. पानं कमी, म्हणजे मुळांवर भार कमी. आत्ता हललं तर जगेल. मेमध्ये नेलंत तर मरेल आणि पुढच्या थंडीपर्यंत थांबलात तर फांद्यांवर कळ्या असतील, हलवताना त्या गळतील. तिकडे थंडीही आहे. तिकडे ते तुमच्या गच्चीपेक्षा छान फुलेल."

नीलमने कप खाली ठेवला. हे ऐकायला ती आली नव्हती.

निघताना सरांनी पिवळ्याची कलमं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे केली. तिने ती घेतली नाहीत. "राग नका मानू," ती म्हणाली. "पांढरा आणि पिवळा, माझं कामच आहे ते."

"नाही नाही," सर म्हणाले. जिन्याच्या वळणापर्यंत ते दारात उभे होते.

*

मुलुंडहून परत येताना बसमध्ये नीलमने जुळवलेली बोलणी:

संघमित्रा, फुललंय, ये. (ती येईल. गच्चीत खुंट बघेल.)

संघमित्रा, झाड मेलं. (ती येणार नाही. झाड इथेच राहील. पुढच्या थंडीत फुलेल, एकटीसमोर.)

संघमित्रा, तू झाड सोडून दे आणि ये. (हे तिने जुळवलं आणि कंडक्टरने तिकीट विचारल्यावर मोडलं.)

*

प्रत्यक्षात झालेलं बोलणं:

"बोल नीलू, कुकर लावलाय."

"मी झाड कापलं."

"म्हणजे?"

"गुडघ्यापर्यंत. चूक झाली. यंदा फुलणार नाही."

शिटी झाली. संघमित्रा शिटी संपेपर्यंत थांबली.

"येतायत म्हणालीस ना तू?"

"खोटं बोलले."

"डोकं फिरलंय का गं तुझं? माणसाच्या दातात केसाएवढा फरक ओळखतेस आणि झाड उभं कापून ठेवतेस?" मग आवाज खाली आला. "मेलं का?"

नीलमला फक्त हो म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं, की तिने तोंड उघडलंही.

"नाही. बुडातून फुटलंय. आणि हलवायला हाच महिना चांगला असतो म्हणे. छाटलेलं झाड जगतं."

"कोण म्हणे?"

"मुलुंडचे सर आहेत एक."

"अगं बाई! मी पाठ फिरवली आणि तू सर काढलेस?"

"सत्तरीचे आहेत."

"मग काय झालं? मी काय विशीतला केला?" संघमित्रा खदखदून हसली. नीलमही हसली. हसता हसता वाटलं, आता होईल.

"मग ये," नीलम म्हणाली.

"येते ना. शुक्रवारी सकाळी पोचते आणि संध्याकाळच्या एसटीने परत. नॅन्सी कॉलनीतून सुटते ना अजून?"

"दोन दिवस म्हणाली होतीस."

"फूल असतं तर राहिलेच असते गं. बसले असते वास घेत. आता नुसतं झाडच उचलायचंय ना?" तिकडे झाकण उघडल्याचा आवाज. "वाट लागली, डाळ उतू गेली. ठेवते."

*

शुक्रवार.

संघमित्रा आली तेव्हा तिच्या हातात मांड्यांचा डबा होता आणि अंगावर नीलमने न पाहिलेली साडी. तब्येत भरली होती. केस काळे केले होते.

"घर केवढं मोठं झालं गं," ती म्हणाली.

"तेवढंच आहे."

"माझं सामान गेलं ना."

नीलमने सुक्या बोंबलाची चटणी केली होती, भाकऱ्या, वांगं. संघमित्रा चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. थोड्या वेळाने तिने खांदा चौकटीला टेकवला. नीलम भाकरी थापत होती. तिने ते पाहिलं आणि भाकरी उलटली.

"आपल्याकडे ना, बोंबील मिळतच नाहीत चांगले," संघमित्रा म्हणाली. आपल्याकडे म्हणजे चाळीसगावला.

जेवताना ती खूप बोलली. सुबोधरावांची सून चांगली आहे पण भांडी आपटते. विहारात बायकांनी हिला वर्षावासातल्या ग्रंथवाचनाचं नियोजन दिलंय, आवाजामुळे. गल्लीतली पोरं हिला बेस्ट काकू म्हणतात. नीलम हं म्हणत होती. तिच्याकडे सांगण्यासारखं होतं ते एवढंच, की लॅबमध्ये नवी भट्टी आली. ते तिने सांगितलं.

"अरे वा," संघमित्रा म्हणाली आणि जांभई दिली. "रात्रभर बसमध्ये मान अवघडली. पाच मिनिटं पडते."

ती पलंगावर आडवी झाली, पूर्वीच्याच बाजूला, भिंतीकडे तोंड करून. लगेच झोपली. पाच मिनिटं झाली. अर्धा तास झाला. नीलमने भांडी घासली नाहीत, आवाज होईल म्हणून. पंखा एकने कमी केला. पलंगाजवळ खुर्ची आणली, मग ती खुर्ची बरी दिसेना म्हणून परत नेली. उठवावं का? उठवून काय बोलायचं? एकोणीस वर्षांत या वेळी दोघी घरात असल्या तर एक झोपलेली असायचीच, कधी ही, कधी ती, आणि त्याला कुणी वेळ वाया गेला म्हटलं नव्हतं. दोन तास गेले. मध्ये एकदा संघमित्राचा फोन थरथरला. पडद्यावर 'हे' असं नाव होतं. नीलमने फोन उशीखाली सरकवला.

चार वाजता संघमित्रा दचकून उठली. "मेले! उठवायचं ना!"

मग घाई. कुंडी हलेना. झाडाची मुळं तळाच्या भोकातून बाहेर येऊन लादीच्या फटीत गेली होती. दोघींनी मिळून कुंडी आडवी केली, तिच्यावर हातोडा घातला. तिसऱ्या घावाला दारात जयंतीबेन उभ्या. खालच्या मजल्यावर राहतात, एसीवर गळणाऱ्या पाण्याची तक्रार त्यांचीच.

"आता काय तोडते? माझा छत पडेल!"

"झाड चाललं, जयंतीबेन," संघमित्रा म्हणाली. "तुमचा एसी सुटला."

"अरे, तुम्ही आली? मला वाटला चोर आला."

"चोरच. बघा ना, झाड पळवतेय."

फटीतलं मूळ उपटून येईना. नीलमने लॅबची प्लास्टर कापायची सुरी आणली आणि ते लादीशी नीट, एका रेषेत कापलं. मातीचा गोळा ओल्या गोणपाटात बांधला. संघमित्राने गाठ मारली, वर दोन थापा दिल्या, बसच्या पत्र्यावर द्यायची तशा.

नॅन्सी कॉलनीच्या डेपोत गाडी लागलेलीच होती. संघमित्राने कंडक्टरला आधी नाव विचारलं, मग डेपो, मग वानखेडे साहेबांचं नाव सांगितलं. दोन मिनिटांत झाड ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली गेलं, तिकिटाशिवाय.

"पोचलीस की सांग," नीलम खिडकीखाली उभी राहून म्हणाली.

"सांगते. आणि तू ये गं. अंगणात बस—"

गाडीने हॉर्न दिला. नीलमला पुढचं ऐकू आलं नाही. वळेल, असणार.

*

जिन्यात जयंतीबेन.

"आता पाणी नाय येणार ना?"

"नाही."

"सारू." त्या आत वळल्या आणि परत बाहेर आल्या. "जानेवारीमध्ये माझ्या बेडरूममध्ये सुगंध यायचा. पडदा बाजूला करून झोपायची मी."

"कधी बोलला नाहीत."

"सुगंधाची कंप्लेंट कोण करते?"

*

गच्चीत कुंडीचे तुकडे. लादीवर जिथे कुंडी होती तिथे एक गोल, बाकी लादीपेक्षा उजळ. सी-वनच्या आसपास. फटीत मुळाचं कापलेलं टोक, ओलं, पांढरं. नीलमने तुकडे गोळा केले, झाडू मारला, मूळ तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघमित्राचा मेसेज आला: लावलं.

त्याखाली फोटो. खड्डा, आळं, पाणी. झाड फोटोत अर्धंच आलं होतं.

नीलमने अंगठा पाठवला. मग ओगले सरांची, तीन दिवसांपूर्वी आलेली, न ऐकलेली व्हॉइस नोट लावली आणि फोन लादीवर ठेवून शेजारी बसली.

"नमस्कार. तुमचा मेसेज नाही, म्हटलं आपणच पाठवू. त्या दिवशी एक राहिलं सांगायचं. कोल्विलेई. सिक्कीमची, भूतानची. सगळ्या बडलियांत मोठं फूल हिचं, गुलाबी-लाल, घंटेसारखं. पण लावल्यावर फुलायला वर्षं जातात. सात, आठ. कधी जास्त. लोक कंटाळतात, काढून टाकतात. मी दोनदा लावली. पहिली—" खोकला. "ऐकताय ना?"

नीलमने फोनकडे पाहिलं. नोट अजून सहा मिनिटं बाकी होती.

"ऐकतेय," ती म्हणाली.

*

संघमित्राच्या लग्नाच्या नोंदणीत वधूकडून साक्षीदार म्हणून नीलम सोनावणे यांची सही आहे.